स्विचमधला मल्टिकास्ट लिमिटर: आठ महिने वापरून, एकदा हात पोळून

आधीच सांगतो, हा अख्ख्या स्विचचा रिव्ह्यू नाहीये. पंखा आवाज करतो का, रॅकमध्ये नीट बसतो का, ह्याच्यावर लिहिणारे भरपूर आहेत. मला लिहायचंय ते त्याच्या मेनूतल्या एका पानाबद्दल, स्टॉर्म कंट्रोल (ट्रॅफिकचा पूर अडवणारं) नावाचं, आणि त्यातही मधल्या चौकटीबद्दल जिथं मल्टिकास्टची, म्हणजे एकानं पाठवायचं आणि मागणाऱ्या अनेकांनी घ्यायचं अशा ट्रॅफिकची, मर्यादा टाकायची असते. २४ पोर्टचा गिगाबिट मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच, वर दहा गिगचे चार अपलिंक (पुढच्या स्विचला जोडायची पोर्टं), असे तीन घेतले, त्याला आता आठ महिने झाले. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण आत तीच चिप आणि बाहेर वेगळा डबा असा प्रकार ह्या रेंजमध्ये सर्रास चालतो, तुमच्या रॅकमधल्या स्विचच्या मेनूतही बहुतेक हेच पान निघेल.

एका वाक्यात मत: लिमिटर कापतो, आकडा टाकाल तिथंच कापतो, पण आपण काय कापतोय हे त्याला अजिबात कळत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना, तसं. हे कळायला मला एक पूर्ण संध्याकाळ आणि दोन चांगल्या एसएफपी (फायबर जोडायची छोटी मॉड्यूल) बदलून ठेवायला लागल्या.

आमची भानगड अशी होती. तीन मजले, चाळीसेक कॅमेरे, आयपी फोन, वायफाय, आणि खालच्या हॉलमध्ये मोठ्या स्क्रीनसाठी नेटवर्कवरून चित्र पाठवणारा एचडीएमआय ओव्हर आयपीचा डबा. हा डबा चालू झाला की चारशे एमबीपीएसच्या आसपास मल्टिकास्ट ओकतो, त्याचं कामच ते आहे. आधीचे स्विच अनमॅनेज्ड, त्यांच्यासाठी मल्टिकास्ट म्हणजे ब्रॉडकास्टच, आलेलं सगळ्या पोर्टांवर ओतायचं. त्यामुळं हॉलमध्ये कार्यक्रम लागला की वरच्या मजल्यावरचे फोन मुके, कारण फोनचं पोर्ट १०० एमबीपीएसचं आणि त्याच्यावर चारशेचा लोंढा. वायफायचं तर विचारूच नका, ॲक्सेस पॉइंट मल्टिकास्ट हवेत सोडताना सहसा सगळ्यात कमी बेसिक रेटनं सोडतो, आणि त्याला समोरून पोच पण नसते, म्हणजे लॅपटॉप कितीही भारी असला तरी तो त्या बैलगाडीच्या मागं अडकणार. लोक म्हणायचे हॉलमध्ये कार्यक्रम असला की इंटरनेट जातं. बरोबरच म्हणत होते.

म्हणून मॅनेज्ड स्विच घेतले आणि बाकी काही करायच्या आधी स्टॉर्म कंट्रोलच्या पानावर गेलो.

पान बरं आहे. ब्रॉडकास्ट, मल्टिकास्ट, अननोन युनिकास्ट (एकासाठीच असलेलं, पण तो कुठल्या पोर्टवर आहे हे स्विचला माहीत नसलेलं) असे तीन रकाने, प्रत्येक पोर्टला वेगळं सेटिंग, आणि एकक तीन प्रकारचं, टक्के, केबीपीएस (सेकंदाला किती किलोबिट) किंवा पीपीएस (सेकंदाला किती पॅकेट). हे तिन्ही देणं ही चांगली गोष्ट, बऱ्याच स्वस्तातल्या स्विचमध्ये नुसते टक्के असतात. पण डिफॉल्ट टक्केच आहे आणि घोळ तिथंच सुरू होतो, कारण हे टक्के पोर्टच्या त्या क्षणाच्या स्पीडचे असतात. एक टक्का म्हणजे गिगाबिटवर १० एमबीपीएस, दहा गिगच्या अपलिंकवर १०० एमबीपीएस, आणि एखाद्या वायरीची एक जोडी गंडली आणि पोर्ट १०० वर उतरलं की तोच एक टक्का १ एमबीपीएस होतो. सेटिंगला कोणी हात लावलेला नसतो आणि मर्यादा दहापट आवळली गेलेली असते. माझा एक कॅमेरा अशाच कारणानं आठवडाभर तुकडे-तुकडे चित्र देत होता. तेव्हापासून टक्के बंद, केबीपीएस चालू.

पीपीएसचं गणित तर डोक्यात ठेवूनच बसायला लागतं. गिगाबिट पोर्टवरून ६४ बाइटच्या फ्रेम पाठवल्या तर सेकंदाला जवळपास १४ लाख ८८ हजार बसतात, आणि पूर्ण साइजच्या १५१८ बाइटच्या पाठवल्या तर ८१ हजारांच्या आसपास. म्हणजे नुसतं ५०० पीपीएस म्हटलं तर ते जास्त की कमी हे पॅकेट बघितल्याशिवाय सांगताच येत नाही. आयपीटीव्हीचं पॅकेट बघा, त्यात १८८ बाइटचे सात तुकडे असतात, म्हणजे १३१६ बाइट, ८ एमबीपीएसचा चॅनल म्हणजे सेकंदाला ७६० च्या आसपास पॅकेट, तर ५०० ची मर्यादा एक साधा एचडी चॅनलसुद्धा नीट जाऊ देणार नाही. उलट पीसीच्या पोर्टवर ते एमडीएनएस आणि एसएसडीपीचं चिवचिवाट करणारं ट्रॅफिक असतं, प्रिंटर शोध, टीव्ही शोध, त्याला ५०० म्हणजे भरपूर. पीपीएस वाईट नाहीये, स्विचच्या किंवा फोनच्या सीपीयूला वाचवायचं असेल तर पीपीएसच पाहिजे कारण सीपीयू पॅकेट मोजतो, बाइट नाही. पण व्हिडिओसाठी केबीपीएस.

आता टेस्ट. आयपर्फ नावाच्या वेग मोजायच्या सॉफ्टवेअरचं दोन नंबरचं व्हर्जन घेतलं (तीनमध्ये मल्टिकास्ट नाहीये, तिथं वेळ घालवू नका), एका लॅपटॉपवरून २३९.१.१.१ ह्या मल्टिकास्ट पत्त्याला (ह्यालाच ग्रुप म्हणतात) २० एमबीपीएस सोडलं, दुसऱ्यावर ऐकत बसलो, पाठवणाऱ्याच्या पोर्टवर मर्यादा १० एमबीपीएस. ऐकणाऱ्याकडं सरासरी दहाच्या आसपासच. वा, म्हटलं, आकडा खरा आहे. मग सहज म्हणून रिपोर्ट एक सेकंदाऐवजी अर्ध्या सेकंदाचा मागितला आणि स्क्रीनवर आलं ते असं: पहिला अर्धा सेकंद वीसच्या वीस एमबीपीएस, पुढचा अर्धा सेकंद शून्य. परत वीस, परत शून्य. म्हणजे हा लिमिटर धार बारीक करत नाही, तो सेकंदाचा कोटा मोजतो, कोटा संपला की सेकंद पूर्ण होईपर्यंत दार बंद, मग कोणीही येवो, आणि सेकंद उलटला की परत उघडा. रेशनच्या रांगेसारखं, आधी आलेल्यानं पोतं भरून नेलं की मागच्याच्या हातात पिशवी रिकामी.

हे तेव्हा बघितलं, मान डोलावली, आणि विसरून गेलो. चूक तिथं झाली.

तिन्ही स्विचच्या सगळ्या पोर्टांना मल्टिकास्ट एक टक्का लावला होता (तेव्हा अजून टक्केच होते). हॉलमधल्या डब्याच्या पोर्टवरून मर्यादा काढली, नाहीतर स्क्रीन काळी. स्क्रीन त्याच स्विचवर असल्यामुळं चित्र एकदम झकास. वरचे फोन पण ठीक, वायफाय पण बरंच सुधारलं, मी खूश. आणि मग पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी दोन राउटरमधलं ओएसपीएफ (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात ती बोली) पडायला लागलं. पडायचं, उठायचं, परत पडायचं. लॉगमध्ये डेड टायमर एक्स्पायर्ड, नेबर डाउन. मी आधी फायबरला शिव्या दिल्या, पॅच कॉर्ड बदलली, मग एसएफपी बदलली, मग दुसऱ्या टोकाची एसएफपी बदलली, मग राउटर रीस्टार्ट करायच्या बेतात होतो तेवढ्यात खालून माणूस आला, सर कार्यक्रम संपला, हॉल बंद करू का. त्यानं डबा बंद केला आणि ओएसपीएफ शहाण्यासारखं उभं राहिलं ते राहिलंच.

झालं होतं असं. ओएसपीएफचे हॅलो (मी जिवंत आहे सांगणारी पॅकेट) २२४.०.०.५ ला जातात, म्हणजे तेही मल्टिकास्टच. इथरनेटवर दर दहा सेकंदांनी एक हॅलो, आणि चाळीस सेकंदांत एकही आला नाही तर शेजारी मेला असं समजायचं. हॉलच्या डब्याचे चारशे एमबीपीएस त्या स्विचच्या बाहेर जायलाच नको होते, पण जात होते (त्याचं कारण पुढं येतं), आणि कोअर स्विचच्या अपलिंक पोर्टवर एक टक्का म्हणजे १०० एमबीपीएसची मर्यादा त्यांना थोपवून धरत होती. चारशे येतायत, शंभरचा कोटा, म्हणजे सेकंदाच्या पहिल्या पावभागातच कोटा खलास, उरलेला पाऊण सेकंद दार बंद. त्या पाऊण सेकंदात येणारा हॅलोही बाहेरच. ओळीनं चार हॅलो त्या बंद दारावर आपटले की शेजारी गेला. व्हीलॅन (त्याच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) वेगळा होता हो, डबा वेगळ्या व्हीलॅनमध्ये आणि राउटर वेगळ्या, पण मोजणी पोर्टची एकच आहे, व्हीलॅनशी तिला घेणंदेणं नाही.

आणि ह्यात स्विचची फसवणूक काही नाहीये. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट २९६० किंवा ३७५० च्या मॅन्युअलमध्ये सुद्धा सरळ लिहिलेलं आहे की मल्टिकास्टची मर्यादा ओलांडली की बीपीडीयू आणि सीडीपीसारखं कंट्रोल ट्रॅफिक (स्विच आपापसात बोलतात ते) सोडून बाकी मल्टिकास्ट अडवलं जातं, आणि ओएसपीएफसारखे राउटिंग अपडेट आणि साधा मल्टिकास्ट डेटा ह्यात स्विच फरक करत नाही. मी ते वाक्य आधी वाचलेलं होतं. वाचणं वेगळं आणि समजणं वेगळं. ओएसपीएफच्या जागी व्हीआरआरपी (एक राउटर पडला की दुसऱ्यानं जागा घ्यायची सोय) असतं तर अजून मजा, तिथं दर सेकंदाला मी आहे अशी घोषणा आणि साधारण साडेतीन सेकंद काही आलं नाही की दुसरा राउटर पण स्वतःला मालक म्हणवून घेतो, एका घरात दोन कारभारी.

ह्या पानावर माझी पहिली खरी तक्रार ही की कापलेल्या पॅकेटांचा आकडा कुठंही दिसत नाही. पोर्टच्या आकडेवारीत नाही, एसएनएमपीमध्ये (लांबून आकडे वाचायची सोय) मला तरी सापडला नाही, लॉगमध्ये एकच ओळ, स्टॉर्म डिटेक्टेड, आणि तीही फक्त पहिल्यांदा, मग स्टॉर्म तासभर चालू राहिलं तरी गप्प. पॅकेट खाणाऱ्या फीचरनं किती खाल्ली ते सांगायला नको का? हा काउंटर असता तर ती संध्याकाळ दहा मिनिटांत आटोपली असती.

दुसरी तक्रार म्हणजे शटडाउन ॲक्शन. ड्रॉप किंवा शटडाउन असं निवडता येतं, आणि शटडाउन निवडलं तर पोर्ट आपोआप परत उठवायचा टायमर ह्या फर्मवेअरमध्ये नाहीये, जाऊन हातानं उठवायचा. सिस्कोत तो वेगळा चालू करावा लागतो पण निदान आहे, डिफॉल्ट ३०० सेकंदांचा. लांबच्या कपाटातल्या स्विचवर चुकूनही शटडाउन ठेवू नका.

आता ते चारशे एमबीपीएस अपलिंकवर गेलेच का. आयजीएमपी स्नूपिंग मी चालू केलं होतं, क्वेरियर कुठंच नव्हता. स्नूपिंग म्हणजे स्विच चोरून ऐकतो की कुठल्या पोर्टवरच्या यंत्रानं कुठला ग्रुप मागितलाय, आणि फक्त तिथंच पाठवतो. पण यंत्रं सारखी-सारखी मागत नाहीत, कोणीतरी विचारावं लागतं, कोणाला काय पाहिजे, आणि हे विचारणारा तो क्वेरियर, दर १२५ सेकंदांनी. विचारणाराच नसला की २६० सेकंदांनी नोंद शिळी होऊन पुसली जाते आणि मग हा स्विच, मालक कोण माहीत नाही म्हणून, सगळीकडं ओततो. चार मिनिटं वीस सेकंद सगळं छान आणि मग पूर, असं दिसलं तर दुसरीकडं कुठं बघायची गरज नाही. काही स्विच ओतायच्या ऐवजी टाकून देतात, मग चित्र चार मिनिटांनी गायब होतं, रोग तोच.

बरं, क्वेरियर बसवला तो आधी कोअर राउटरवर. आणि चारशे एमबीपीएस तरीही अपलिंकवर! डोकं धरून बसलो. कारण स्नूपिंग करणारा स्विच ज्या दिशेनं क्वेरी येते ती राउटरची दिशा समजतो आणि तिकडं सगळे ग्रुप पाठवतो, कोणी मागो न मागो, राउटरला लागतील म्हणून. मग हॉलच्या स्विचलाच त्या व्हीलॅनचा क्वेरियर केला. दोन क्वेरियर असले तर ज्याचा आयपी लहान तो जिंकतो, म्हणून हॉलच्या स्विचला त्या व्हीलॅनमध्ये मुद्दाम लहान आयपी दिला. त्या दिवसापासून अपलिंकवर हॉलचा एक थेंब येत नाही, आणि अपलिंकवरची मल्टिकास्ट मर्यादा मी काढूनच टाकली. गंमत बघा, लिमिटर लावल्यामुळं पूर दिसतच नव्हता, सगळ्यांना वाटत होतं प्रश्न सुटला, आणि भिंतीच्या आत पाणी मुरत होतं.

कॅमेऱ्यांचा एक किस्सा सांगतो. ज्यानं बसवले त्यानं ग्रुप दिले होते २३९.०.०.१ पासून पुढं. नीटनेटके, ओळीनं. पण आयपी मल्टिकास्टच्या पत्त्याचे शेवटचे २३ बिटच मॅक ॲड्रेसमध्ये (स्विच बघतो तो हार्डवेअरचा पत्ता) जातात, त्यामुळं ३२ आयपी ग्रुपांना मिळून एकच मॅक येतो, आणि २३९.०.०.१० चा मॅक आणि २२४.०.०.१० चा मॅक एकच निघतो. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा पट्टा राउटिंग वगैरे लिंकवरच्या गोष्टींचा, तो स्नूपिंगच्या बाहेर ठेवून सगळीकडं पाठवायचा असतो. आमचा स्विच मॅकवरून ठरवतो, त्याला वाटतं हे त्याच पट्ट्यातले, आणि तो इमानदारीत सगळ्या पोर्टांना कॅमेरे वाटतो. ग्रुप बदलून २३९.२०.०.१ पासून केले आणि पोर्टांवरचे दिवे शांत झाले. इथं लिमिटर लावून काही साधलं नसतं, फक्त चित्रं फुटली असती.

चित्रं फुटण्यावरून आठवलं, दुसऱ्या मजल्यावरच्या १६ कॅमेऱ्यांच्या लिंकला मी दिवसा मोजून ४८ एमबीपीएस बघितले आणि मर्यादा ५० टाकली, आकडेमोड जमली म्हणून खूश. रात्री सगळी चित्रं विटा-विटांची. अंधारात चित्रात दाणे येतात, दाणे कॉम्प्रेस होत नाहीत, व्हेरिएबल बिटरेट वर जातो. यूडीपीवर हरवलेलं पॅकेट कोणी परत पाठवत नाही, त्यामुळं पुढची पूर्ण फ्रेम येईपर्यंत चिखलच. व्हिडिओच्या वाटेवर मर्यादा टाकायचीच असेल तर रात्रीचा आकडा बघा आणि त्याच्या दुप्पट टाका, म्हणजे ती मर्यादा रोजच्या कामात कधी लागणारच नाही, काहीतरी खरंच बिघडल्यावरच लागेल. ज्युनिपरच्या ईएक्स स्विचवर डिफॉल्ट ८० टक्के असतं ते बघून मी हसलो होतो, एवढं सैल कशाला, आता हसत नाही.

मग हे फीचर वापरायचं कुठं? माझ्याकडं आता ते फक्त कडेच्या पोर्टांवर आहे, पीसी, प्रिंटर, फोन, जिथून मल्टिकास्ट जास्त यायचं काही कारणच नाही. मोजणी आत येणाऱ्या ट्रॅफिकची होते, म्हणून जिथून घाण शिरू शकते तिथंच चाळणी. पीसीच्या पोर्टला दोन एमबीपीएस ठेवलंय. अजून आवळू नका, कारण आयपीव्ही ६ मध्ये ब्रॉडकास्ट नावाचा प्रकारच नाही, एआरपीचं (आयपीवरून मॅक शोधायचं) जे काम आहे ते तिथं मल्टिकास्टवर चालतं, राउटरच्या घोषणा पण मल्टिकास्टवर. मी एकदा फुशारकीनं ६४ केबीपीएस केलं होतं आणि एका पोर्टखाली छोटा स्विच लावून बसलेल्या पाच जणांचे लॅपटॉप सकाळी एकदम चालू झाले की दोघांचं आयपीव्ही ६ रुसायचं.

त्याच मेनूत, दोन पानं पुढं, एक सेटिंग लपवून ठेवलंय ज्याच्यासाठी मी हा स्विच परत घेईन: पोर्टमागं जास्तीत जास्त किती ग्रुप. व्हिडिओ बघणाऱ्या पोर्टला एमबीपीएसची मर्यादा घालण्यापेक्षा सांगायचं की तुला चार ग्रुप मिळतील. चार चॅनल स्वच्छ दिसतात, पाचवा मागितला तर येतच नाही, चालू असलेल्यांना धक्का नाही. रेट लिमिटमध्ये पाचवा आला की पाचही फुटतात. हे फीचर जाहिरातीत कुठंच नाही, बॉक्सवर मात्र स्टॉर्म कंट्रोल ठळक अक्षरात.

ज्यांना खरंच ग्रुप बघून मर्यादा पाहिजे त्यांनी ते काम राउटरवर करावं, तिथं निदान हे २३९ वालं, हे २२४.०.० वालं असा भेद करता येतो. सिस्कोच्या जुन्या आयओएसमध्ये आयपी मल्टिकास्ट रेट-लिमिट अशी सरळ कमांड होती, आत की बाहेर, कुठला ग्रुप, कुठला सोर्स, किती केबीपीएस, सगळं एका ओळीत. आता बहुतेक ठिकाणी क्लास करून (कुठलं ट्रॅफिक ते निवडून) पोलिसर, म्हणजे त्याचा रेट कापणारा नियम, लावायचा, चार ओळी जास्त, पण हॅलो वाचतात. आमच्या राउटरवर २३९ च्या पट्ट्याला पोलिसर लावला, कंट्रोलच्या पट्ट्याला हात लावला नाही.

तर गुण. लिमिटरच्या अचूकपणाला पूर्ण, एकक निवडायला मिळतं त्याला पूर्ण, सेकंदाचा कोटा ही पद्धत नापास, काउंटर नाही तिथं शून्य. पाचपैकी तीन, ग्रुप मर्यादेमुळं साडेतीन. कॅमेरे आणि फोन असलेल्या छोट्या-मध्यम ऑफिसला चालेल, स्टुडिओ किंवा मोठं आयपीटीव्ही असेल तर टोकन बकेटनं (सेकंदाच्या कोट्याऐवजी सतत थोडं-थोडं सोडत) मोजणारा आणि ड्रॉप दाखवणारा स्विच बघा, घ्यायच्या आधी अर्ध्या सेकंदाच्या रिपोर्टवाली ती आयपर्फची टेस्ट डेमो युनिटवर करून बघा, पाच मिनिटं लागतात.

आणि हो, अप्लाय दाबल्यावर सेव्ह वेगळं दाबायला लागतं, ते बटण वर कोपऱ्यात एवढंसं आहे. लाइट गेल्यावर माझं अर्धं सेटिंग उडालं होतं, आणि अपलिंकवरचा तो एक टक्का परत येऊन बसला होता.